गाडगेबाबांचे बोलणे

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी गाडगेबाबांवर बोललो आणि मला दुसरे बक्षीस मिळाले. भाषण पंधरा दिवस घोकले होते. त्यात मानवतेचे महामेरू होते, अज्ञानतिमिरातील दीपस्तंभ होते, कर्मयोग तर तीनदा होता. माझ्या बोलण्यात वऱ्हाडीचा वासही नाही, असे परीक्षकांनी कौतुकाने सांगितले आणि मलाही त्याचा अभिमान वाटला. पण खरा निकाल आदल्या रात्रीच लागला होता. घरी आजीला मी संपूर्ण भाषण म्हणून दाखवले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि हे कोणाबद्दल आहे, असे विचारले. मी नाव सांगितले, तेव्हा ती काहीच बोलली नाही. आजी आता ऐंशीच्या जवळ आली आहे. पाच-सहा वर्षांची असताना बापाच्या खांद्यावर बसून तिने बाबांचे कीर्तन ऐकले होते.

म्हणून हे चरित्र मी पुन्हा, त्या भाषणातला एकही शब्द न घेता लिहीत आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. हे गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात आहे. मामाची गुरे राखणे आणि वावरात राबणे हीच डेबूजींची शाळा. पुढे सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली. आपला अंगठा कशावर उठतो हे ज्याला वाचता येत नाही त्याचे काय होते, ते त्यांनी घरातच पाहिले. लग्न झाले, संसार सुरू झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे दारू-मटणाची पंगत घालायची होती. डेबूजींनी गोड जेवण वाढले आणि भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले.

यानंतर फिरणे सुरू झाले. अंगावर चिंध्या, हातात मातीचे गाडगे आणि खराटा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, उकिरडा उपसायचा आणि रात्री कीर्तन करायचे. पूर्णेकाठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंसाठी बाबा तिथला काठ खोदून वाट करून देत. पुढे १९०८ साली तिथे घाट बांधला गेला.

त्या काळचे हरदासी कीर्तन म्हणजे पूर्वरंग, उत्तररंग, पेटी-तबला, संस्कृत श्लोक आणि खांद्यावर उपरणे. कीर्तनकार बोले, लोक माना डोलावत. बाबांनी नामाचा गजर ठेवला, तुकोबा-कबीर ठेवले आणि बाकीच्या जागी प्रश्न आणले. देवाला आंघोळ कोण घालते? नेसायला कोण देते? नैवेद्य ठेवल्यावर कुत्र्याला हाकलायला काठी घेऊन कोण बसते? प्रत्येक प्रश्न अस्सल वऱ्हाडीत, ज्या बोलीत गडीमाणूस सावकाराशीही बोलतो आणि बैलाशीही. लोकांना उत्तर द्यावेच लागे. उत्तरामागून उत्तर देता देता माणूस अशा जागी येऊन पोचे की तिथून मागे फिरता येत नसे. आजी म्हणते, लोक आधी हसत आणि मग एकदम गप्प होत.

एक गोष्ट मला बरेच दिवस सुटत नव्हती. बाबांना ही उत्तरे ठाऊक नव्हती काय? होतीच. मग तोंडावर अडाणीपण आणून विचारणे हे सोंगच नव्हे काय? १९७७ साली राजदत्तांनी ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट काढला. त्यात बाबांची भूमिका करताना डॉ. श्रीराम लागू यांनी चिंध्या पांघरल्या. त्याला आपण अभिनय म्हणतो. बाबांच्या चिंध्यांना काय म्हणावे? माझा एक मित्र तर म्हणतो की तोही एक पोषाखच होता.

मला आता असे वाटते की सोंग होते आणि ते फार कसलेले होते. कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, कोणाकडे बघून विचारायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्याला ही कला येत नाही त्याने मनातले कितीही खरे सांगितले तरी हजारो माणसे रात्रभर बसत नाहीत. फरक आहे तो निराळ्या ठिकाणी. स्वच्छतेवर बोलण्याआधी त्या गावचा उकिरडा त्यांनी स्वतः उपसलेला असे. देव दगडात नाही म्हणायचे आणि स्वतः देव व्हायचे, असेही केले नाही; पायाला हात लावायला येणाऱ्यावर ते काठी उगारीत. कोणाला मंत्र दिला नाही, शिष्य केला नाही. लागूंना चित्रीकरण संपल्यावर चिंध्या उतरवता आल्या. बाबांनी पन्नास वर्षे त्या उतरवल्या नाहीत.

धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे त्यांनी लाखो रुपयांच्या देणग्यांतून उभी केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ ची. १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. या वास्तूंत स्वतःच्या कुटुंबाला त्यांनी आसरा घेऊ दिला नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली आणि कीर्तन थांबले नाही. हा प्रसंग सगळे गौरवाने सांगतात. मला मात्र तो वाचताना कुंताबाईच आठवतात. त्या रात्री त्यांच्याजवळ कोण होते? खरेपणाची किंमत खरे बोलणाराच भरतो असे नाही, घरच्यांनाही ती भरावी लागते. हे बाबांच्या थोरवीतून वजा करावे की नाही, ते मला ठरवता आलेले नाही.

शिक्षणावर ते तळमळून बोलत. ताट नसले तर भाकर हातावर घ्या, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा आग्रह असे. ते ऐकून आजीच्या बापाने तिच्या भावाला शाळेत घातले. तिला नाही घातले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि इथे येऊन पहिल्या महिन्यात मी काय केले, तर ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे शब्द तोंडातून हद्दपार केले. शिकण्यात मला गैर वाटत नाही. प्रमाण मराठी मला हवीच आहे. पण ज्या माणसाविषयी मी बोलत होतो त्याला ओळखणारी एकमेव श्रोती माझ्यासमोर बसली होती, आणि तिला उत्तर देता येईल असे एकही वाक्य माझ्या भाषणात नव्हते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी बाबांनी देह ठेवला. बाबासाहेब आंबेडकर जाऊन चौदा दिवस झाले होते. समाधी अमरावतीला आहे, तो भाग आता गाडगेनगर म्हणून ओळखला जातो आणि आपल्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित केलेले आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी ते मोबाइलवर आजीला लावून दिले. आवाज खरखरीत येतो, मधले काही शब्द कळतही नाहीत. आजी तांदूळ निवडत होती. बाबांनी प्रश्न विचारला. तिकडच्या लोकांच्या अगोदर, सुपावरची नजर न काढता, आजीने उत्तर दिले.