महादेव विश्वनाथ धुरंधर

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८ मार्च १८६७ – १ जून १९४४) हे मराठी चित्रकार, बोधचित्रकार आणि कलाशिक्षक होते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी व पुढे अध्यापक म्हणून त्यांनी एकूण ४१ वर्षे काढली. तैलरंग व जलरंगातील त्यांची चित्रे संस्थानिकांच्या संग्रहात गेली. सामान्य वाचकाला मात्र धुरंधर प्रामुख्याने भेटले ते छापील रूपात, म्हणजे पुस्तकातील चित्रांतून, पोस्टकार्डांतून आणि भिंतीवर लावायच्या देवादिकांच्या तसबिरींतून.

घडण

धुरंधर यांचा जन्म कोल्हापूर येथे पाठारे प्रभू कुटुंबात झाला. शालेय वयात कोल्हापूरचेच चित्रकार आबालाल रहिमान यांच्या कामाचा त्यांच्यावर प्रभाव पडला. १८९० मध्ये ते जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले. तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे प्राचार्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली झाले होते, आणि भारतीय जीवन हाच भारतीय विद्यार्थ्याचा खरा विषय आहे, असा त्यांचा कल होता. धुरंधर यांना मानवाकृतीच्या अभ्यासाची पाश्चात्त्य शिस्त येथे मिळाली. विषय मात्र त्यांनी आपल्या घराभोवतालचे घेतले. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले आणि १८९६ पासून ते त्याच संस्थेत शिकवू लागले.

पाठारे प्रभू समाजातील विवाहविधी, सणवार, बाजारात चाललेल्या स्त्रिया, नोकरचाकर, फेरीवाले असे विषय त्यांच्या चित्रांत वारंवार येतात. नऊवारी लुगड्याचा काष्टा चालताना कसा ताणला जातो, पदर सावरताना कोपर कुठे येते, हे त्यांना पाठ होते. रेखाटनाचा हा अखंड सराव पुढे छपाईसाठी चित्रे काढताना त्यांच्या उपयोगी पडला.

मुद्रित चित्रे

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. या छापखान्यासाठी धुरंधर यांनीही चित्रे केली. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. त्यावर चित्र स्निग्ध खडूने किंवा शाईने उलटे उतरवावे लागते, आणि सर्व दगडांचे ठसे कागदावर तंतोतंत एकमेकांवर बसले नाहीत, तर चेहऱ्याची कड दुभंगते. चित्रकाराने मूळ चित्र कितीही नाजूक केले, तरी दगडावर उतरवणारा कारागीर वेगळाच असे. अशा वेळी आकृतीची बाह्यरेषा ठाम आणि छायाप्रकाशाची विभागणी स्पष्ट असलेले चित्र छपाईत अधिक टिकते. धुरंधर यांच्या चित्रांत हे दोन्ही गुण होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डे निघाली. मुंबईतील निरनिराळ्या जातीधर्मांच्या स्त्रीपुरुषांच्या लकबी, त्यांचा नखरा आणि तोरा त्यांत खेळकरपणे टिपलेला आहे. पौराणिक चित्रे करणाऱ्या गंभीर धुरंधरांपेक्षा हे धुरंधर वेगळे वाटतात, आणि काही अभ्यासकांना तेच अधिक जवळचे वाटले तर नवल नाही.

पुस्तकांपैकी एस. एम. एडवर्ड्स यांचे ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) मुंबईच्या गल्लीबोळांविषयी आहे. सी. ए. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) या पुस्तकात महाराष्ट्रात व्रतवैकल्यांच्या वेळी, विशेषतः श्रावणात, सांगितल्या जाणाऱ्या कहाण्या इंग्रजीत आल्या. आटपाट नगरातील राजा, ब्राह्मण आणि त्यांच्या लेकीसुना यांना लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात मराठी चेहरा मिळाला तो धुरंधर यांच्या चित्रांमुळे. ऑटो रोथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) साठी त्यांनी रंगीत चित्रांची मोठी मालिकाच केली. तेथील मजकूर स्त्रियांना जात आणि प्रांत यांच्या नमुन्यांत बसवतो. आजच्या वाचकाला ही वर्गवारी वसाहतकालीन दृष्टीची वाटेल. चित्रांतील स्त्रिया मात्र नमुने वाटत नाहीत. त्यांच्या उभे राहण्यात आणि पाहण्यात प्रत्येकीचे वेगळेपण आहे.

या काळात रंगीत चित्रे छापण्यासाठी छायाचित्रणाच्या साहाय्याने तयार केलेले हाफटोन ठसे वापरले जाऊ लागले होते. मूळ जलरंगाचे छायाचित्र रंगीत काचांतून घेऊन पिवळा, तांबडा व निळा असे वेगवेगळे ठसे तयार होत. त्यांसाठी गुळगुळीत आर्ट पेपर आवश्यक असल्याने रंगीत चित्रे पुस्तकात स्वतंत्र पानांवर येत. ‘विसमी सदी’ या १९१६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या गुजराती सचित्र मासिकातूनही धुरंधर यांची चित्रे प्रसिद्ध झाली. संपादक हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी चित्रांच्या छपाईवर सढळ हाताने खर्च केला.

अन्य कार्य

नव्या दिल्लीतील सचिवालयात विधी सदस्याच्या दालनासाठी धुरंधर यांनी न्यायदानाविषयीची चित्रे रंगवली. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संग्रहात त्यांची चित्रे आहेत. शिवचरित्रातील प्रसंगही त्यांनी रंगवले. १९३० मध्ये जे. जे. स्कूलचे प्रभारी संचालकपद त्यांच्याकडे आले. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. ब्रिटिश सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ हा किताब दिला होता. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) हे त्यांचे आत्मकथन त्या संस्थेचा अंतर्गत इतिहास म्हणूनही वाचले जाते.

निधनानंतर

त्यांच्या हयातीतच बंगाल शैलीचे पुरस्कर्ते जे. जे. च्या वास्तववादी शिक्षणाला परकी म्हणत होते. नंतरच्या आधुनिक चित्रकारांनीही या परंपरेकडे पाठ फिरवली, आणि छापील चित्रे तर रद्दीत जाणारीच वस्तू. धुरंधर यांची रेखाटने व कागदपत्रे बऱ्याच अंशी टिकली, याचे श्रेय त्यांच्या कन्या, चित्रकार अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांना जाते. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधर यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले.