शिरगणतीचे यंत्र

अमेरिकेत दर दहा वर्षांनी लोकांची शिरगणती होते. १८८० साली घरोघरची माहिती गोळा झाली खरी. परंतु तिची वर्गवारी करण्यात कारकुनांची जवळजवळ आठ वर्षे खर्ची पडली. लोकवस्ती तर झपाट्याने वाढत होती. एका शिरगणतीचे आकडे हाती येण्यापूर्वीच दुसरी दाराशी येऊन उभी राहील, अशी धास्ती वाटू लागली.

त्या कामावर हर्मन हॉलेरिथ नावाचा एक तरुण होता. त्याचा जन्म १८६० साली बफेलो शहरी झाला. ही मोजणी यंत्राने व्हावी, असे डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी त्याला सुचविले आणि त्याच्या मनाने तोच ध्यास घेतला.

एकदा आगगाडीत त्याने पाहिले, की तपासनीस तिकिटावर छिद्रे पाडून उतारूचे वर्णन नोंदवितो. केस फिकट की काळे, नाक मोठे की लहान, प्रत्येकाची जागा ठरलेली! एकाचे तिकीट दुसऱ्याला वापरता येऊ नये, म्हणून ही युक्ती होती. हॉलेरिथने साऱ्या देशातील माणसांची अशीच तिकिटे करावयाचे ठरविले.

प्रत्येक माणसाचे एक कार्ड. त्यावर वय, जन्मस्थान, धंदा यांच्या जागा नेमलेल्या. कार्ड यंत्रात ठेवून दांडा दाबला, की बारीक सळ्या खाली येत. छिद्र असेल तेथे सळई आरपार जाऊन पाऱ्याच्या वाटीत बुडे, वीज वाहू लागे आणि तबकडीवरील काटा एक घर पुढे सरके. परदेशी जन्मलेले शेतकरी किती, असा दुहेरी प्रश्नही आता सोडविता येई. मात्र ज्या गोष्टीला कार्डावर जागाच दिलेली नाही, तिच्याविषयी यंत्र मुके असे. म्हणून काय विचारावयाचे, हे आधीच नीट ठरवावे लागे. हे काम यंत्राहूनही अवघड होते.

१८९० च्या शिरगणतीत हे यंत्र वापरले गेले. लोकसंख्या सुमारे ६ कोटी २६ लाख भरली. लोकांची अपेक्षा याहून मोठी होती; तेव्हा कित्येकांनी यंत्रालाच दोष दिला!

१८९६ साली हॉलेरिथने स्वतःची कंपनी काढली. पुढे यंत्रांच्या भाड्यावरून सरकारी खात्याशी त्याचे बिनसले आणि खात्याने आपली निराळी यंत्रे बनवून घेतली. त्याची कंपनी १९११ साली इतर कंपन्यांत विलीन झाली. त्या संस्थेला १९२४ साली आयबीएम हे नाव मिळाले. १९२९ साली हॉलेरिथ वारला. छिद्रांची कार्डे त्यानंतरही कित्येक वर्षे गणकयंत्रांना माहिती पुरवीत राहिली.