फोटोग्राफर, जादूगार, छापखानेवाले… सिनेमा काढण्याआधी दादासाहेब फाळके नेमकं काय काय करत होते?

समजा, 1911 साली कुणी धुंडिराज गोविंद फाळके यांचा बायोडेटा मागवला असता, तर त्यात काय दिसलं असतं?

चित्रकलेचं शिक्षण. फोटो स्टुडिओ काढला, चालला नाही. नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग केले. सरकारी नोकरी धरली, सोडली. छापखाना काढला, त्यातूनही बाहेर पडले. वय 41, घरात बायको-मुलं आणि हातात काम नाही.

आजच्या एखाद्या एचआरने हा बायोडेटा बाजूला सारला असता. त्या काळच्या नातेवाइकांनी एक ना धड भाराभर चिंध्या, असं म्हणून विषय संपवला असता. पण त्यानंतर दोनच वर्षांत याच माणसाने 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला आणि पुढे तो भारतीय सिनेमाचा जनक म्हणून ओळखला गेला.

फाळक्यांची गोष्ट सांगताना आपण बहुतेकदा 1913 पासून सुरुवात करतो. पण त्याआधीच्या 25 वर्षांत ते जे काही करून बघत होते, ते समजून घेतल्याशिवाय हा सिनेमा कसा झाला ते कळत नाही.

दिसेल ते शिकायचं

फाळक्यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरातला. वडील संस्कृतचे पंडित. मुलानेही शास्त्री व्हावं असंच ते वातावरण. पण मुलाला चित्रांचा नाद. वडिलांना मुंबईत शिकवण्याची नोकरी लागली, कुटुंब मुंबईला आलं आणि 1885 मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथून ते वडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला तर झालीच, शिवाय मूर्तिकाम, वास्तुकला आणि फोटोग्राफी असं जे समोर येईल ते त्यांनी शिकून घेतलं. कलाभवनाने त्यांना रतलामला पाठवलं, तिथे ते तीन रंगांच्या छपाईचे ब्लॉक बनवायला शिकले. डार्करूममध्ये कोणतं रसायन किती वेळ ठेवायचं, हे तेव्हापासून हातात बसलं.

आता एवढं सगळं येतं म्हटल्यावर पोट भरायला अडचण नको. पण तसं झालं नाही.

अपयशांची रांग

गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. मग प्लेगची साथ आली आणि त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. गोध्रा सोडून ते पुन्हा वडोद्याला आले, तिथेही फोटोग्राफीचा धंदा मांडला. पण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी भीती तेव्हा लोकांच्या मनात होती. गिऱ्हाईकच येईना. मग फाळके नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला लागले.

याच काळात वडोद्यात एक जर्मन जादूगार आला होता. फाळक्यांनी त्याच्याकडून हातचलाखी शिकून घेतली आणि स्वतः प्रयोग करायला लागले. रंगमंचावरचं नाव घेतलं प्रोफेसर केळफा. फाळके हे आडनाव उलट्या क्रमाने वाचा, लगेच लक्षात येईल.

1902 मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं, सरस्वतीबाईंशी. पुढच्या वर्षी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. महिन्याला पगार, घरात स्थैर्य. पण बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट आली आणि फाळक्यांनी सरकारी नोकरी सोडून लोणावळ्यात छापखाना सुरू केला. राजा रविवर्मा यांच्या प्रेसचं काम त्यांनी केलं. छापखाना पुढे दादरला आला. 1909 मध्ये ते नवी यंत्रं आणि रंगीत छपाईचं तंत्र बघायला जर्मनीला जाऊन आले. धंदा बरा चालला होता, तेवढ्यात भागीदारांशी बिनसलं आणि फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले.

आपण जिथून सुरुवात केली, तो 1911 चा बायोडेटा इथे पूर्ण होतो.

तंबूतला सिनेमा आणि गेलेली दृष्टी

या रिकाम्या दिवसांत फाळक्यांनी गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस नावाच्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालतोय, तर राम आणि कृष्ण का चालू नयेत, या विचाराने त्यांना पछाडलं. तोच सिनेमा त्यांनी सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखवला.

मग रोज संध्याकाळी सिनेमा आणि उरलेला वेळ वाचन, प्रयोग. झोप जेमतेम. या ताणाने त्यांची दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि वेगवेगळ्या चष्म्यांनी ती परत आली, पण घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

डोळे बरे झाल्यावर विमा पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी 10 हजार रुपये उभे केले आणि 1 फेब्रुवारी 1912 ला लंडनची बोट धरली. तिथे ओळख ना पाळख. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला ते थेट जाऊन भेटले. त्यांनी फाळक्यांना सिसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवलं. हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र घेऊन दोन महिन्यांत फाळके परतले.

पैसे देणाऱ्यांना विश्वास कसा वाटावा? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंब वर येऊन त्याचं रोप होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ती सगळी वाढ मिनिटभरात दिसली. भांडवल मिळालं.

जुनी कामं इथे उपयोगी पडली

'राजा हरिश्चंद्र'साठी वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी माणसं ठेवणं परवडणारं नव्हतं आणि तशी माणसं देशात फारशी नव्हतीही. पण फाळक्यांना पडदे रंगवता येत होते, म्हणून सेट झाले. फोटोग्राफी येत होती, म्हणून उजेडाचा अंदाज होता. छापखान्यातली रसायनं माहीत होती, म्हणून फिल्म घरीच धुता आली. आणि सिनेमात देव क्षणात प्रकट होतो, क्षणात दिसेनासा होतो, त्यामागची नजर प्रोफेसर केळफाची होती.

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये हा सुमारे 3700 फुटांचा मूकपट लोकांसमोर आला. लोकांनी तो उचलून धरला. 1917 च्या 'लंका दहन'ने तर त्याहून मोठं यश मिळवलं.

हे सगळं आधीपासून ठरवलेलं होतं का? अजिबात नाही. जादू शिकताना फाळक्यांच्या डोक्यात सिनेमा नव्हता. फायदा बघून त्यांनी आधीच निवड केली असती, तर बहुधा यातल्या निम्म्या गोष्टी गाळल्या असत्या.

याची किंमत कोणी मोजली?

ही गोष्ट इथे संपवली तर ती अर्धवट राहील. कारण प्रयोग करणाऱ्या माणसाच्या मागे कुणीतरी घर चालवत असतं.

सिनेमासाठी घरातलं सामान विकलं गेलं, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. कोऱ्या फिल्मला भोकं पाडणं, अंधारात ती कॅमेऱ्यात भरणं, धुणं, ही कामं त्या शिकल्या. चित्रीकरणात उजेड परतवण्यासाठी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. तारामतीची भूमिका करायला कुणी स्त्री मिळेना, तेव्हा फाळक्यांनी त्यांनाच विचारलं. त्यांनी नकार दिला. मग ही भूमिका ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली. रोहिदास झाला तो फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

चाळिशीनंतर नवं काही सुरू करणारा माणूस म्हणून फाळक्यांचं उदाहरण दिलं जातं. पण त्याच काळात, त्याच घरात सरस्वतीबाईही एक पूर्ण नवं तंत्र शिकत होत्या. फरक एवढाच, की त्यांच्या शिकण्याला कुणी छंद म्हटलं नाही.

पुढे काय झालं?

1918 मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पुन्हा मतभेद झाले, फाळके काशीला निघून गेले आणि तिथे त्यांनी नाटक लिहिलं. नंतर ते कंपनीत परतले. 1931 मध्ये बोलपट आला तेव्हा ते 60 वर्षांचे होते. कोल्हापूर सिनेटोनसाठी 1937 मध्ये त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपटही केला. म्हणजे त्याही वयात नवं शिकण्याची त्यांची तयारी होती. पण काळ पुढे गेला होता, सिनेमा चालला नाही. शेवटची वर्षं नाशिकमध्ये ओढाताणीत गेली. 16 फेब्रुवारी 1944 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

नवं काही करून बघितलं की यश मिळतंच, असं फाळक्यांचं आयुष्य सांगत नाही. स्टुडिओ बुडाला तो बुडालाच, छापखाना गेला तो गेलाच. राहिलं ते हातातलं कसब आणि ते पुढच्या कामात वापरलं गेलं.

तुमच्या घरात अर्धवट सोडलेली गिटार किंवा रंगांचा डबा असेल, तर त्यातून सिनेमा निघेलच असं नाही. पण तो वेळ वाया गेला, असंही इतक्यात ठरवू नका. आणि पुढचा क्लास लावताना घरातली कामं तेवढ्या वेळात कोण उरकतंय, हे एकदा जरूर बघा. जमलं तर त्या माणसालाही विचारा, तुला काय शिकायचंय?