जेम्स आउट्रम : खानदेशातली लूटमार कशाने थांबली?

जळगाव-धुळ्यात घरफोडीची बातमी आली की आपल्याकडे दोन आवाज उठतात. कुणी म्हणतं, ठोकून काढा. कुणी म्हणतं, पोरं आहेत, सोडून द्या. दोनशे वर्षांपूर्वी इथल्या सरकारने हे दोन्ही करून पाहिलं होतं. तेव्हाचा एक माणूस आपण ओळखून घेतला पाहिजे : जेम्स आउट्रम.

त्याचा जन्म 1803 चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. सोळाव्या वर्षी तो कंपनीच्या मुंबई फौजेत आला. 1818 मध्ये खानदेश पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला तेव्हा लढाया, पेंढारी आणि दुष्काळाने मुलूख उजाड झाला होता. गावाची राखण करणाऱ्या भिल्लांचे हक्क बुडाले होते आणि राखणदारच वाटमारी करत होते. इंग्रजांनी घाट अडवले, रसद तोडली, नाईकांना पकडलं. मग माफी आणि तनखेही दिले. तरी काही दिवस शांततेचे गेले की पुन्हा लूट सुरू व्हायची. डोंगरातून खाली उतरणाऱ्याने खायचं काय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

1825 मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी धोरण बदललं. शेतीत स्थिरावणाऱ्या भिल्लांना जमीन, तगाई, बी-बियाणं आणि मागच्या गुन्ह्यांची माफी मिळू लागली. सोबत भिल्लांचीच पलटण उभी करायचं ठरलं. हे काम बावीस वर्षांच्या आउट्रमकडे आलं. धरणगाव हे त्याचं ठाणं.

आउट्रमने आधी बंडखोरांवर चढाई केली. मग पकडलेल्यांच्याच ओळखीने निरोप धाडले. पहारा न घेता तो भिल्लांमध्ये वावरला, त्यांच्यासोबत वाघाच्या शिकारी केल्या. विश्वास बसला तसे तरुण भरती झाले. नियमित पगार आला, गणवेशाची इज्जत आली. पुन्हा लूट करणाऱ्याला मात्र हीच पलटण धरून आणायची. 1828 मध्ये जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने वर कळवलं की वीस वर्षांत पहिल्यांदाच सलग सहा महिने शांततेत गेले.

आउट्रमला आम्ही फरिश्ता म्हणत नाही. तो साम्राज्याचा नोकर होता. सिंधच्या मीरांवरच्या अन्यायाला त्याने विरोध केला, पण 1856 मध्ये अवधची सत्ता वाजिद अली शाह यांच्याकडून काढून घेणाराही तोच. 1863 मध्ये फ्रान्समध्ये त्याचं निधन झालं.

त्याच्यानंतर आठच वर्षांत, 1871 मध्ये, इंग्रजांनी जन्मावरूनच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा आणला. 1952 मध्ये तो रद्द झाला, पण पारधी बांधवांच्या कपाळावरचा शिक्का अजून पुसलेला नाही. त्या काळी भिल्ल म्हटलं की लुटारू, असंच समजलं जायचं. यावल, रावेर, चोपड्याकडचे आपले तडवी मुस्लिम बांधव याच भिल्लांपैकी, हे आपण विसरू नये.

आज मोहल्ल्यातला एखादा पोरगा चुकतो तेव्हा त्याला गुन्ह्याची शिक्षा मिळावीच, त्यात सिफारस नको. पण ती त्याच्या एकट्याची असावी, बिरादरीची नव्हे. आणि तो सुटून आला की त्याला गॅरेजवर, शेतात, दुकानात काम देणारं कुणीतरी असावं. ते काम सरकारइतकंच आपलंही आहे.