स्किनर आणि पायजम्याची पाटी

संस्कृती म्हटलं की आपल्याला गॅदरिंगचं उद्घाटन नाहीतर पाहुण्यांचं लांबलचक भाषण आठवतं. पण बी. एफ. स्किनर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ संस्कृती लोकांच्या मनात शोधायचाच नाही. एखादा समूह कोणत्या वागण्याला बक्षीस देतो आणि कोणत्या वागण्याला चाप लावतो, ती सगळी व्यवस्था म्हणजेच संस्कृती, असं त्याचं सरळ गणित.

गडी मूळचा खटपट्या, म्हणजे आपल्यातलाच! जन्म १९०४चा, पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना गावचा. पायजमा खुंटीला टांगत नाही म्हणून आईची बोलणी खायचा. मग पोरानं अशी करामत केली की खुंटी रिकामी राहिली की दारातच पाटी लोंबायची, पायजमा टांगला की पाटी वर! मला तर वाटतं, पुढचं सगळं संशोधन त्या पाटीतच होतं. माणसाला उपदेश करू नका, त्याच्या भोवतालची रचना बदला.

खरं तर त्याला लेखक व्हायचं होतं. १९२६ साली पदवी घेऊन वर्षभर घरी बसला, पण लेखन काही जमलं नाही. मग हार्वर्ड, आणि १९३१ साली डॉक्टरेट. त्याची ती प्रसिद्ध पेटी याच काळातली. उंदरानं दांडा दाबला की खाण्याची गोळी. या गोळ्या तो स्वतः वळायचा. एकदा साठा संपत आला म्हणून प्रत्येक दाबाला गोळी देणं त्यानं बंद केलं, तरी उंदीर दाबतच राहिले. पुढे दिसलं की अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सगळ्यात चिवट. (मेसमध्ये कधीतरीच गुलाबजाम असतात, पण डोकावतो आपण रोज!)

शिक्षेवर त्याचा फारसा विश्वास नव्हता. शिक्षेनं वागणं दबतं, जात नाही. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ साली आला. पण कायद्याचा बडगा क्वचित आणि उशिरा बसतो, सीनियर मंडळींचं हसू मात्र जागच्या जागी मिळतं. आता स्किनरच्या हिशेबानं हॉस्टेलची संस्कृती कोणती, ते तुम्हीच सांगा.

१९४८ साली त्यानं 'वॉल्डन टू' ही कादंबरी लिहिली. त्यात अख्खं गावच असं आखलेलं. १९६७ साली व्हर्जिनियात काही जणांनी त्यावरून खरोखरची वसाहत उभारली. १९७१च्या पुस्तकात तर त्यानं संस्कृतीचीच नव्यानं आखणी करा म्हटलं आणि गदारोळ उठला. चॉम्स्कीसारखे टीकाकार तुटून पडले. बक्षिसांची किल्ली कोणाच्या हाती द्यायची? स्किनरचं म्हणणं, आपल्याला वळण लागतंच आहे, मग ते निव्वळ योगायोगावर का सोडायचं? आणि प्रयोग करणाऱ्यालाही उंदीर वळण लावतच असतो. मला हे उत्तर अर्धंच पटतं. पेटीचं दार शेवटी बाहेरूनच उघडतं ना!

१९९० साली ल्युकेमियानं तो गेला. आदल्या दिवशीपर्यंत टेबलावरचा लेख पुरा करत होता.