राणी रासमणी : नऊ लाखांचं कालीमंदिर बांधलं, पण देवीला भात वाढायचीच परवानगी नव्हती

३१ मे १८५५. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठावर दक्षिणेश्वर नावाच्या गावात एका भव्य मंदिरात कालीमातेची प्रतिष्ठापना होत होती. नऊ शिखरांचं, सुमारे १०० फूट उंच मंदिर. समोर शंकराची बारा देवळं, बाजूला राधाकृष्णाचं मंदिर. बांधकामाला आठ वर्षं लागली होती आणि खर्च झाला होता तब्बल नऊ लाख रुपये.

पण हा दिवस उजाडण्याआधी सगळं काम एका साध्या गोष्टीवर अडून बसलं होतं. देवीला शिजवलेल्या भाताचा नैवेद्य दाखवायचा की नाही?

कारण मंदिर बांधणारी बाई विधवा होती आणि कैवर्त जातीची होती. त्या काळच्या बंगालमधले ब्राह्मण पंडित या जातीला शूद्र मानायचे. शूद्राच्या मंदिरात देवीला अन्नभोग चालत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

त्या बाईचं नाव राणी रासमणी.

राणी हे पदवीचं नाव नव्हतंच

रासमणींचा जन्म २८ सप्टेंबर १७९३ चा. हालिसहरजवळच्या कोना गावात, एका गरीब शेतकरी कुटुंबात. वडील हरेकृष्ण दास, आई रामप्रिया. आई लाडाने मुलीला राणी म्हणायची, तेच नाव पुढे चिकटलं. ना कुठलं संस्थान, ना कुठली गादी. लहानपणीच आई गेली, नाव मात्र मागे राहिलं.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न कोलकात्यातल्या जानबाजारच्या राजचंद्र दास यांच्याशी झालं. हे घराणं बड्या जमीनदारांचं आणि व्यापाऱ्यांचं. कोलकात्यात आज बाबूघाट म्हणून जो घाट ओळखला जातो, तो १८३० मध्ये याच राजचंद्रांच्या पैशातून बांधला गेला.

१८३६ मध्ये राजचंद्र वारले. पदरात चार मुली, मुलगा नाही आणि समोर प्रचंड इस्टेट. आता ही विधवा बाई कारभार कसा बघणार, असं अनेकांना वाटलं. रासमणींनी तो स्वतःच्या हातात घेतला. जावई मथुरमोहन विश्वास त्यांच्या मदतीला होते, पण शेवटचा शब्द राणीचा असायचा.

कंपनी सरकारशी पंगा

त्यांच्या करारीपणाची एक गोष्ट बंगालमध्ये आजही सांगितली जाते. ईस्ट इंडिया कंपनीने नदीतल्या मासेमारीवर कर बसवला. गरीब मच्छीमार अडचणीत आले आणि राणीकडे गेले. राणीने अर्ज-विनंत्या करण्यात वेळ घालवला नाही. १० हजार रुपये भरून घुसुडी ते मेटियाब्रुज हा नदीचा पट्टा थेट भाड्याने घेतला आणि मग नदीत लोखंडी साखळ्या टाकून तो बंद केला.

कंपनीची जहाजं अडली. जाब विचारला गेला, तेव्हा राणीची बाजू पक्की होती. पट्टा रीतसर घेतलाय, जहाजांमुळे मासे पळतात, मग मच्छीमारांनी कर कशातून भरायचा? शेवटी कंपनीने कर मागे घेतला.

थोडक्यात काय, तर कायदा कुणाच्या बाजूने वाकवायचा हे या बाईला नीट कळत होतं. पुढे मंदिराच्या वेळी हीच हुशारी उपयोगी पडली.

ठरलं होतं काशीला जायचं

राणी कालीभक्त होत्या. इस्टेटीच्या कागदांवरच्या शिक्क्यातसुद्धा त्यांनी स्वतःला कालीच्या चरणांची आस धरणारी दासी म्हणवून घेतलं होतं. १८४७ मध्ये त्यांनी काशीयात्रेची तयारी केली. धान्य, सामान, नोकरचाकर, नातेवाईक असा लवाजमा नेण्यासाठी २४ होड्या सज्ज झाल्या.

तर गोष्ट अशी सांगतात की निघायच्या आदल्या रात्री काली स्वप्नात आली. काशीला यायची गरज नाही, इथेच गंगेकाठी माझी मूर्ती बसव आणि रोज पूजा कर, मी तिथेच नैवेद्य घेईन, असा तो दृष्टान्त होता. राणीने यात्रा रद्द केली आणि जागा शोधायला माणसं पाठवली.

दक्षिणेश्वरला हेस्टी नावाच्या इंग्रजाची सुमारे २० एकर जमीन मिळाली. तिच्या एका भागात मुसलमानांचं जुनं कब्रस्तान होतं आणि जमिनीचा उंचवटा कासवाच्या पाठीसारखा होता. तंत्रशास्त्रात अशी स्मशानाजवळची, कासवाच्या आकाराची जमीन शक्तीच्या पूजेला उत्तम मानतात. काम सुरू झालं.

पण ही काली नेमकी कोण?

मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात कालीची कथा येते. चंड आणि मुंड हे असुर चालून आले तेव्हा देवीचा चेहरा रागाने काळा पडला आणि तिच्या कपाळातून काली बाहेर पडली. तिने दोघांची मुंडकी उडवली, म्हणून तिला चामुंडा हे नाव मिळालं. पुढे रक्तबीज आला. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा असुर उभा राहायचा. कालीने जीभ पसरली, रक्त खाली पडूच दिलं नाही आणि रक्तबीज संपला.

युद्धानंतरही तिचा राग शांत होईना. तिला थांबवायला शंकर तिच्या वाटेत आडवे झाले, तिचा पाय त्यांच्या छातीवर पडला आणि तिने जीभ चावली, अशी लोककथा आहे.

दक्षिणेश्वरची मूर्ती याच रूपातली आहे. काळ्या दगडाची काली, चांदीच्या कमळावर पहुडलेल्या शिवाच्या छातीवर उभी. दोन डाव्या हातांत खड्ग आणि असुराचं मुंडकं. दोन उजव्या हातांत मात्र अभय आणि वर. एका बाजूने मारणारी, दुसऱ्या बाजूने सांभाळणारी. कागदोपत्री तिचं नाव जगदीश्वरी कालीमाता, पण लोक तिला भवतारिणी म्हणतात. भवसागरातून तारून नेणारी.

बंगाली माणसासाठी ती आधी आई आहे. आणि आईला जेवायला वाढायचं असतं. पहाटेची मंगलारती, दुपारचा भोग, संध्याकाळची आरती असा तिचा दिवस चालतो. तिच्या ताटात भातासोबत मासेही असतात. आपल्याकडे ज्या रात्री लक्ष्मीपूजन होतं, त्याच अमावास्येच्या रात्री बंगालमध्ये कालीपूजा होते.

म्हणूनच अन्नभोगाला नकार राणीच्या जिव्हारी लागला. आईला घर बांधून द्यायचं आणि उपाशी ठेवायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं.

तोडगा सापडला, पण किंमत मोजून

राणीने ठिकठिकाणच्या पंडितांकडे विचारणा केली. सगळीकडून नकार. मग कोलकात्यात पाठशाळा चालवणाऱ्या रामकुमार चट्टोपाध्याय नावाच्या पंडिताने मार्ग सांगितला. मंदिर प्रतिष्ठापनेआधी एखाद्या ब्राह्मणाला दान करायचं. त्या ब्राह्मणाने देवी बसवली आणि भोग दाखवला, तर शास्त्राला बाध येत नाही.

राणीने ते मान्य केलं. मंदिर गुरूंच्या नावे करून दिलं आणि स्वतःकडे फक्त देखभालीचं काम ठेवलं. नऊ लाख रुपये घातलेलं मंदिर, पण स्वतःच्या जातीमुळे ते दुसऱ्याच्या नावावर. देवीला मात्र भात मिळाला.

तरीही पुजारी व्हायला चांगले ब्राह्मण पुढे येईनात. शेवटी रामकुमार स्वतः उभे राहिले. त्यांच्यासोबत त्यांचा धाकटा भाऊ गदाधर आला होता. प्रतिष्ठापनेच्या दिवशी हजारो लोक जेवले, पण गदाधरने तिथलं अन्न घेतलं नाही. बाजारातून एका पैशाचे मुरमुरे आणून त्याने पोट भरलं. कारण तेच, जात.

वर्षभरात रामकुमार वारले आणि कालीची पूजा त्याच गदाधरकडे आली. पुढे जग त्यांना रामकृष्ण परमहंस म्हणून ओळखू लागलं.

मालकिणीला थप्पड

गदाधर नियमाने पूजा करतच नसत. देवीसाठी रडायचे, तिच्याशी बोलायचे, भान हरपून बसायचे. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी गेल्या, पण राणी आणि मथुरबाबूंनी त्यांना हटवलं नाही.

एकदा राणी मंदिरात बसून त्यांचं गाणं ऐकत होत्या. अचानक गदाधर थांबले आणि त्यांनी राणीला थप्पड मारली. लोक धावले. राणीने सगळ्यांना आवरलं. देवीसमोर बसून आपल्या मनात कोर्टातला एक खटला घोळत होता, हे त्यांनी कबूल केलं. पुजाऱ्याची नोकरी गेली नाही.

शेवटची सही

मंदिराचा खर्च कायम चालावा म्हणून राणीने १८५५ मध्येच दिनाजपूर जिल्ह्यात २ लाख २६ हजार रुपयांची जमीन घेतली होती. पण तिचं दानपत्र राहून गेलं होतं. आजारपणात त्यांना तीच काळजी लागली. थोरली मुलगी पद्ममणी कागदावर सही करायला तयार नव्हती. १८ फेब्रुवारी १८६१ ला राणीने दानपत्रावर सही केली. दुसऱ्याच दिवशी, १९ फेब्रुवारीला, त्या गेल्या.

त्यांची भीती खोटी नव्हती. पुढे मंदिराच्या कारभारावरून वारसांची भांडणं कोर्टात गेली. पण कालीची पूजा थांबली नाही.

आज कोलकाता मेट्रो दक्षिणेश्वरपर्यंत जाते. स्टेशनबाहेरच्या स्कायवॉकला राणी रासमणींचं नाव आहे. त्यावरून चालत जाणारे बहुतेक लोक रामकृष्णांचं मंदिर बघायला निघालेले असतात. पण ज्या बाईने ते बांधलं, तिला ते आधी स्वतःच्या नावावरून काढावं लागलं होतं, आणि तेव्हा कुठे तिच्या देवीच्या ताटात भात पडला होता.