प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी : नाणे, फासा आणि प्रमाण

आपल्या ओझरवरून वाहणारी कुकडी नदी नाणेघाटाच्या बाजूच्या डोंगरांतून येते. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातील बंदरांवर उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला चढत असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा प्राकृत लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण यांची मोजदाद त्यात हजारांच्या आकड्यांत केलेली आहे. कार्षापण हे त्या काळचे चांदीचे नाणे. मुलांना घेऊन आम्ही तेथे जातो, तेव्हा एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, की इतकी नाणी मग गेली कोठे, आणि एकेक नाणे किती वर्षे लोकांच्या हातांत फिरले असेल?

हा प्रश्न मुळीच पोरकट नाही. अशाच प्रश्नासाठी एका थोर गणितज्ञाने हातात तराजू घेतला होता. त्यांचे नाव प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून आपल्या समाजात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु आमच्या संगणक कक्षात इयत्ता सहावीची मुले पडद्यावर फासे टाकण्याचा जो साधा कार्यक्रम तयार करतात, त्याचेही नाते या पुरुषाच्या जीवनकार्याशी आहे. ते नाते सांगावे, म्हणून या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राचे हे अल्प स्मरण करीत आहोत.

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. त्यांचे वडील आचार्य धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे महान अभ्यासक. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावा या ओढीने धर्मानंदांनी घर सोडले, श्रीलंकेपर्यंत प्रवास केला, आणि तेथे मिळविलेले ज्ञान मायबोलीत आणून मराठी वाचकांच्या हाती दिले. पुढे मुंबईत परळच्या श्रमिक वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, मूळ आधारापर्यंत जावे, हा संस्कार दामोदरांना घरातच मिळाला. वडिलांनी तो ग्रंथांच्या बाबतीत पाळला, मुलाने तो वस्तूंच्या आणि संख्यांच्या बाबतीत पाळला.

हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी धर्मानंद १९१८ साली अमेरिकेस निघाले, तेव्हा दामोदर त्यांच्याबरोबर होते. तेथील केंब्रिज या गावी त्यांचे शालेय शिक्षण झाले आणि १९२९ साली हार्वर्डमधून ते उच्च श्रेणीत पदवीधर झाले. गणिताबरोबरच त्यांनी अनेक युरोपीय भाषा आत्मसात केल्या. नॉर्बर्ट वीनर या विख्यात गणितज्ञाशी त्यांचा स्नेह होता. द्रवात तरंगणारे सूक्ष्म कण वेडेवाकडे भटकत असतात. त्या भटकण्यामागील गणित वीनर यांनी मांडले होते. यदृच्छेलाही गणित असते, हा विचार त्या काळी त्या गावाच्या हवेतच होता.

मायदेशी परतल्यावर त्यांनी बनारस आणि अलीगढ येथे अध्यापन केले. त्यानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. तेथे त्यांनी १९४५ पर्यंत गणित शिकविले. याच काळात, १९३४ साली, त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. आनुवंशशास्त्रात गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर काढण्यासाठी त्यांनी १९४४ साली मांडलेले सूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९४५ साली होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. मात्र बिऱ्हाड त्यांनी पुण्यातच ठेवले आणि ते डेक्कन क्वीनने ये-जा करीत राहिले.

त्यांच्या कार्यातील जो भाग आम्हांस येथे विशेष करून सांगावयाचा आहे, तो पुण्यातील अध्यापनाच्या वर्षांतील आहे. संख्याशास्त्र शिकावयाचे तर केवळ पुस्तकातून न शिकता एखादा प्रत्यक्ष प्रश्न हाती घ्यावा, असे त्यांनी ठरविले आणि प्राचीन आहत नाण्यांचा प्रश्न निवडला. ही नाणी म्हणजे चांदीचे लहान तुकडे. त्यांवर ना राजाचे नाव, ना साल. फक्त सूर्य, डोंगर, प्राणी अशा ठोकलेल्या खुणा. तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ साली अशा हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला होता. त्यात अलेक्झांडरच्या नावाची नाणीही होती, त्यामुळे साठा पुरला गेल्याचा काळ साधारण कळत होता. पण त्यातील कोणती नाणी जुनी आणि कोणती नवी, हे कसे ओळखावे?

कोसंबींनी वजनाकडे पाहिले. नाणे हातोहात फिरते, पिशवीत घासते, आणि दर वेळी त्याची किंचित चांदी झिजते. अमुक नाणे अमुक वर्षी किती झिजेल, हे कोणीही सांगू शकणार नाही. एखादे वर्षानुवर्षे गाडग्यात पुरलेले असते, तर एखादे रोज बाजारात असते. परंतु एकाच वेळी पाडलेली शेकडो नाणी एकत्र घेतली, तर त्यांचे सरासरी वजन काळाबरोबर ठरावीक गतीने उतरत जाते आणि त्यांच्या वजनांतील परस्परांचा फरक वाढत जातो. हा केवळ तर्क राहू नये म्हणून त्यांनी आपल्याच काळातील, व्यवहारात फिरणारी, साल छापलेली हजारो नाणी मिळवून सूक्ष्म तराजूवर एकेक करून तोलली. चालू नाण्यांनी नियमाची साक्ष दिली. मग त्यांनी तोच नियम तक्षशिलेच्या साठ्याला लावला. नाण्यांच्या मागील बाजूस पारख करणाऱ्यांनी वेळोवेळी ठोकलेल्या बारीक खुणा असत. जितक्या खुणा अधिक तितके सरासरी वजन कमी, असे आढळले. निनावी चांदीने आपले वय सांगितले. हे काम त्यांनी १९४० च्या सुमारास प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षापर्यंत ते त्यावर लिहीत होते.

आता आमच्या संगणक कक्षाकडे वळू. स्क्रॅच ही मुलांसाठी केलेली चित्ररूप संगणक-भाषा २००७ साली प्रसिद्ध झाली. ज्या केंब्रिज गावात कोसंबींचे बालपण गेले, त्याच गावातील एमआयटी या संस्थेत ती तयार झाली. तीत आज्ञा लिहाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवावे लागतात. एक ठोकळा १ ते ६ यांतील कोणतीही एक संख्या निवडतो. दुसरा ठोकळा ती क्रिया हवी तितक्या वेळा करवितो. तिसरा ठोकळा आलेली संख्या यादीत नोंदवितो. एवढ्याने फासा तयार होतो.

पहिल्या दिवशी मुले फासा ६० वेळा टाकतात. प्रत्येक अंक बरोबर १० वेळा यावा, अशी त्यांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात एखादा अंक ६ वेळा येतो, एखादा १५ वेळा, आणि मुलांना वाटते की संगणक बिघडला. मग आम्ही तोच फासा ६,००० वेळा टाकावयास सांगतो. पडद्यावर हे क्षणात होते. आता प्रत्येक अंक १,००० च्या आसपास येतो आणि चढउतार बहुधा ३० च्या आगेमागे असतो. प्रमाणाच्या दृष्टीने पाहिल्यास तो पहिल्यापेक्षा कितीतरी लहान असतो. एक फासा कोणाचे ऐकत नाही. हजारो फाशांना मात्र शिस्त असते.

त्यानंतर त्याच ठोकळ्यांनी मुले नाणी झिजवितात. पडद्यावर ५०० नाणी घेतात, सर्वांचे वजन सारखे १,००० कण मानतात. दर वर्षी प्रत्येक नाण्यासाठी फासा टाकून जितका अंक येईल तितके कण वजा करतात. पंचवीस वर्षांनी सरासरी घट ८७ ते ८८ कण होते, शंभर वर्षांनी ३५० च्या जवळ जाते. म्हणजे काळ चौपट, घटही चौपट. परंतु नाण्यानाण्यांतील फरकाचे माप सुमारे साडेआठ कणांवरून सतरा कणांवर जाते, म्हणजे केवळ दुप्पट होते. कोसंबींनी तराजूवर वर्षानुवर्षे जे शोधले, त्याची छोटी प्रतिकृती बारा वर्षांचे मूल एका तासिकेत उभी करते. अर्थात खरी नाणी फासा टाकून झिजत नाहीत, हेही आम्ही त्यांना सांगतो. पडद्यावरील खेळ म्हणजे आपणच मानलेला नियम. तो जगाशी जुळतो का, हे पाहण्यास अखेर तराजूच लागतो.

यदृच्छा खरी की दिखाऊ, हाही प्रश्न कोसंबींनी हाताळला. १९५८ साली एका सहकाऱ्यासह त्यांनी पत्ते पिसण्याच्या परिणामकारकतेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. हाताने पिसलेले पत्ते आपण समजतो तितके मिसळत नाहीत. जुन्या क्रमाचे अवशेष त्यात राहतात आणि त्यावर आधारलेले चमत्कारिक निष्कर्ष फसवे ठरू शकतात. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या प्रत्येक गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली गेली, त्या समाजातील मुलांनी हा धडा मनावर कोरून ठेवावा असे आम्हांस वाटते. नशीब म्हणून समोर आलेला डाव कोणी आणि कसा पिसला होता, हे तपासण्याचा अधिकार प्रत्येकास आहे.

त्यांच्या जीवनातील एक दुःखद प्रसंग गाळून हे चरित्र पूर्ण होणार नाही. मूळ संख्यांविषयीचा रीमान यांचा सिद्धांत आजवर कोणासही सिद्ध करता आलेला नाही. १९५९ च्या सुमारास कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने त्याची सिद्धता दिल्याचे जाहीर केले. गणितज्ञांनी ती मान्य केली नाही आणि त्यांच्या कीर्तीस मोठा धक्का बसला. शांतता चळवळीतील सहभाग आणि अणुशक्तीऐवजी सौरशक्तीचा त्यांनी केलेला पुरस्कार यांमुळे संस्थेशी त्यांचे मतभेद होतेच. १९६२ साली त्यांचा करार पुढे वाढविण्यात आला नाही. संभाव्यतेचे बळ ज्याने इतके ओळखले होते, तोच तिच्या मर्यादेपाशी चुकला. फासा दहा लाख वेळा टाकला तरी जे मिळते ते साक्ष असते, सिद्धता नव्हे. थोरांची चूक झाकून ठेवल्यास मुलांना तीपासून काहीच शिकता येत नाही, म्हणून आम्ही हा प्रसंगही वर्गात सांगतो.

या धक्क्याने ते थांबले नाहीत. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ आला होता. त्यानंतर १९६२ आणि १९६५ साली आणखी दोन महत्त्वाचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. पायी हिंडून, टेकड्यांवरील गारगोटीची सूक्ष्म हत्यारे वेचून, गावोगावच्या देवतांची ठाणी पाहून त्यांनी इतिहास लिहिला. आपल्या जुन्नरच्या मानमोडी डोंगरावरील देवीविषयीही त्यांनी लिहिले आहे. येथील बौद्ध लेण्यांतील लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. राजांच्या वंशावळीपेक्षा अशा कष्टकऱ्यांच्या नोंदींतून इतिहास उभा राहतो, ही दृष्टी त्यांनी दिली. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. २००८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

पालकांस आणि माजी विद्यार्थ्यांस आमची एकच विनंती आहे. मूल सुटीत घरी येऊन फाशाचा खेळ दाखवू लागले, तर तो खेळच आहे म्हणून दूर सारू नये. त्याला विचारावे, की किती वेळा टाकलास, काय अपेक्षिले होतेस आणि काय आले? घरातील डब्यात साठलेली नाणी त्याच्यापुढे ठेवावीत. त्यांवरील साले त्याला वाचू द्यावीत, जुनी आणि नवी वेगळी करू द्यावीत. नाणेघाटातील कार्षापणांचा पूर्ण हिशेब आता कोणास लागणार नाही. परंतु हिशेब कसा लावावा, हे शिकविणारा एक गुरू आपल्याला लाभला होता. त्यांच्या स्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो.